टूरिंग कारची शर्यत बघायला जाताय? आधी कागद छापा

तिकीट, पाणी, टोपी, ओळखपत्र. हे सांगायची गरज नाही.

सांगायचंय ते कागदाबद्दल. गाड्यांचे नंबर, ड्रायव्हरांची नावं आणि दिवसभराचं वेळापत्रक आदल्या रात्री छापून घ्या. छापूनच. फोनमध्ये आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तिथे गेल्यावर बघू, यातलं काहीही चालणार नाही. मागच्या वेळी मीही सगळं फोनवरच ठेवलं होतं. इतकी माणसं एका जागी जमली की नेटवर्क मान टाकतं. दहानंतर एक पान उघडेना. दुपारी बॅटरीही संपली. दुसरी शर्यत सुरू झाली तेव्हा मी खाण्याच्या रांगेत उभी होते, कारण मला वाटलं ही मुख्य शर्यतींच्या मध्ये होणारी दुसऱ्याच कुठल्या स्पर्धामालिकेची शर्यत आहे. धावत कुंपणापर्यंत पोचले तोवर निम्म्याहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या. वर्षभर वाट पाहिलेला दिवस होता तो.

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या चार-पाच दारांच्या गाडीचंच शर्यतीसाठी घडवलेलं रूप. या गाड्यांच्या शर्यतींत ही चूक फार महागात पडते. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला 161 फेऱ्यांची, 1000 किलोमीटरची एकच शर्यत असते. तिथे वीस मिनिटं रांगेत गेली तरी पुढे तासन्‌तास उरतात. पण ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपसारख्या मालिकेत रविवारी एकाच दिवसात तीन शर्यती होतात, एकेक जेमतेम अर्ध्या तासाची, आणि मध्ये इतर मालिकांच्या गाड्या धावत असतात. इथे वीस मिनिटं म्हणजे जवळजवळ अख्खी शर्यत. खाणं, पाणी, स्वच्छतागृह हे सगळं मधल्या शर्यतींच्या वेळी उरकायचं, आणि मधली कुठली, मुख्य कुठली हे कागद सांगतो. अपघात झाला, लाल झेंडा निघाला की वेळा पुढे सरकतात, म्हणून घोषणांकडे कान ठेवा आणि कागदावरच दुरुस्ती करा. पेन्सिलीने. शाई पावसात पसरते. कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

नंबरांची यादी का, असं कुणी विचारलं तर मला राग येतो, पण सांगते. एकाच मॉडेलच्या चार-चार गाड्या मैदानात असतात, आणि एका संघाच्या दोन गाड्यांचा रंग बहुतेक वेळा सारखाच. ओळख पटते ती नंबरावरून. त्यात अनेक मालिकांत रिव्हर्स ग्रिड असते, म्हणजे आधीच्या शर्यतीतल्या पहिल्या काही जणांचा क्रम उलटवून पुढची शर्यत सोडतात. ब्रिटिश मालिकेत तिसऱ्या शर्यतीला दुसरीतले पहिले किती जण उलटवायचे हे चक्क सोडतीने ठरतं. काही मालिकांत जिंकणाऱ्या गाडीवर जादा वजनही चढवतात. म्हणजे सकाळचा विजेता दुपारी दहाव्या जागेवरून सुटू शकतो, आणि तिथून एकेकाला मागे टाकत वर येतो ती झुंज हाच या खेळाचा जीव आहे. यादी हातात नसेल तर कोण वर येतोय हेच कळत नाही. माझं तेच झालं: समोर अप्रतिम लढत चालू होती आणि मला फक्त एक निळी गाडी आणि दुसरी निळी गाडी दिसत होती. म्हणून नंबर, नाव, मॉडेल, रंग असे चार रकाने करा आणि शेजारी निकाल लिहायला जागा सोडा.

आता कान. इथेही हयगय नको. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेने सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला 8 तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. कुंपणाजवळ दिवसभर उभं राहणाऱ्याने याचा हिशोब स्वतःच करावा. फोमचे इअरप्लग नुसते कानात कोंबू नका. बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. लहान मुलांना कानावर बसणारे इअरमफच घ्या. प्लग ती काढून टाकतात.

उभं कुठे राहायचं? मुख्य स्टँडसमोरून गाड्या सूं करून जातात, बस. लांब सरळ पट्ट्यानंतर जिथे जोरात ब्रेक लागतो ते संथ वळण गाठा. ओव्हरटेकिंग तिथे होतं, दारं घासतात ती तिथेच. उंचवटा असेल तर आणखी चांगलं, दोन-तीन वळणं एकदम दिसतात. शर्यतीगणिक जागा बदला, पण शर्यत चालू असताना नाही. कुंपणावर चढायचं नाही, मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचा सुरक्षा कर्मचारी, सांगेल ते लगेच ऐकायचं.

कागदाची मागची बाजू कोरी असते, तिथे झेंडे लिहा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबवली. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत नंबर म्हणजे त्या गाडीत बिघाड आहे, तिने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत यायचं. तो नंबर कुणाचा? पुन्हा यादीच.

पॅडॉक, म्हणजे संघ गाड्या ठेवतात आणि दुरुस्त करतात ती जागा, खुला असेल तर सकाळीच जा, आणि दोन शर्यतींच्या मध्ये जमलं तर परत जा. चेपलेला पत्रा बदलून, टेप मारून गाडी तासा-दोन तासांत पुन्हा उभी करणारे मेकॅनिक बघणं मला शर्यतीइतकंच आवडतं. त्यांच्या वाटेत उभं राहू नका. गाडी येताना दिसली की आधी बाजूला व्हा, फोटो नंतर. पाय झाकणारे बूट हवेत.

बाकी भरभर. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही; रेनकोट घ्या. गरम कपडा एक. दुर्बीण असेल तर. पॉवर बँक घ्या, पण ती आहे म्हणून कागद टाळू नका. ट्रॅकचं समालोचन रेडिओवर लागतं का ते आधी बघा, भोंग्यातलं इंजिनांच्या आवाजात ऐकू येत नाही.

गाडी लावली की पार्किंगची रांग आणि फाटक त्याच कागदावर लिहा. शेवटची शर्यत संपली की अर्धा तास बसून राहा, मग निघा. आणि कागद बॅगेत नाही, खिशात.