हलक्या कॅनूचा तळ मजबूत करताना या चुका टाळा

कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, हलकी घ्यायची ती एकट्याला उचलता यावी म्हणून. पण दगडावर एकदा खरवडली की धीर सुटतो आणि अख्ख्या तळाला फायबरग्लास चढवायचा बेत ठरतो. पहिली चूक हीच. चौरस मीटरला 200 ग्रॅमचं फायबरग्लासचं कापड जवळपास तेवढंच रेझिन (कापडात मुरून घट्ट होणारं द्रव) पितं. तळ तीन चौरस मीटर धरला तर एकाच थराने सव्वा किलोच्या आसपास वजन वाढतं. झीज मात्र बहुतेक वेळा दोन्ही टोकांच्या खालच्या वळणावर होते, कारण किनाऱ्याला लागताना तीच जमिनीवर टेकतात. आधी तिथे पट्टी लावा. कापड 45 अंशांत तिरकं कापलं तर वळणावर चुणी न पडता बसतं.

ठिगळाची कड

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि याकडेच कुणाचं लक्ष नसतं. पातळ तळ पाण्यात थोडा लवतो, तो लवायलाच हवा. त्यावर एकाच मापाचे तीन-चार थर रचले की तेवढा भाग ताठ होतो आणि सगळा ताण कडेवर येतो. मग ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या शेजारी बारीक पांढरी रेघ उमटते. ती दिसली तर वरून आणखी थर देऊ नका. कड घासून उतरती करा आणि दोन्हीकडे चांगलं पसरेल असं पातळ कापड लावा. नवीन ठिगळात प्रत्येक थर दोन-तीन सेंटीमीटरने लहान-मोठा ठेवा, कोपरे गोल कापा.

केवलार बाहेरून लावणं

केवलार हे चिवट कृत्रिम धाग्याचं कापड. ते घासलं की गुळगुळीत होत नाही, त्याला लव फुटते. शिवाय ते ताण उत्तम सोसतं, दाब तितका नाही. बाहेरून दगड लागला की तळ आत दबतो आणि ताण येतो आतल्या बाजूवर. म्हणून केवलार आत आणि फायबरग्लास बाहेर.

रेझिनचे घोळ

इपॉक्सी आणि पॉलिस्टर हे रेझिनचे दोन प्रकार. जुन्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. पॉलिस्टरवर इपॉक्सी मात्र धरते. मूळ रेझिन कोणतं ते कळत नसेल तर इपॉक्सीच वापरा. लवकर सुकावं म्हणून तिच्यात हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) जास्त घालायची सवय पॉलिस्टरवाल्यांना असते. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की थर मऊच राहतो. ऊब देऊनही दोन-चार दिवसांत चिकटपणा गेला नाही, तर खरवडून काढण्याला पर्याय नाही.

इपॉक्सी घट्ट झाल्यावर वर कधीकधी मेणचट थर येतो. आधी पाण्याने धुवा, मग घासा. उलटं केलंत तर पॉलिश पेपर तो मेणचटपणा आत रगडतो आणि पुढचा थर सुटतो. सुटलाय का, हे नाण्याने टकटक करून कळतं: एरवी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द आवाज.

पॉलिथीनच्या कॅनूवर यातलं काही करायला जाऊ नका. साध्या घासण्याने इपॉक्सी तिला धरतच नाही.

घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच. शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारं व्हार्निश द्या. उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, मग खडूसारखी भुकटी सोडायला लागते.