जलपर्णीवर भुंगेरे सोडले, तरी काहीच होत नाही? या चुका टाळा

तळ्यात भुंगेरे सोडले, फोटो काढले, आणि चार महिन्यांनी बघावं तर जलपर्णी तशीच, उलट जरा पसरलेलीच. मग 'किडे-बिडे काही कामाचे नाहीत' असा निकाल लागतो आणि पोकलेन येतो. बहुतेक वेळा भुंगेऱ्यांचा दोष नसतो. महिना चुकलेला असतो, नाहीतर पाणी.

जलपर्णी खाऊन आटोक्यात आणावी म्हणून सोडतात तो निओकेटिना, जेमतेम 5 मिमीचा, सोंडवाला भुंगेरा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, 1980च्या दशकात बंगळूरमार्गे भारतात आला. (गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगेरा वेगळा, तो जलपर्णीला तोंडही लावणार नाही.) प्रौढ भुंगेरा पानं खरवडतो, पण खरं काम अळी करते. ती देठ पोखरत झाडाच्या गाभ्यापर्यंत उतरते आणि पाण्याखालच्या मुळांत कोष करते. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत उबदार हवेतही साधारण तीन महिने जातात. हा हिशेब डोक्यात असला की पुढचं सोपं जातं.

थंडीत सोडणं. कीटकाला स्वतःची ऊब नसते. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांवर आला की अंडी घालणं आणि अळीची वाढ रेंगाळते. जलपर्णीही मंदावते, मान्य, पण ऊन तापताच ती गाभ्यातल्या साठ्यावर लगेच फुटते. भुंगेऱ्यांना मात्र पिढी उभी करायला पुन्हा ते तीन महिने लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पठारावर, हार्टबीसपूर्ट धरणाच्या भागात, याहून वाईट होतं: हिमतुषाराने पानं-देठ जळतात आणि देठातल्या अळ्याही त्यांच्याबरोबर जातात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेवढी थंडी नाही. फेब्रुवारी संपता संपता सोडा, म्हणजे उन्हाळाभर त्यांना वेळ मिळेल. तळं मात्र मे महिन्यात आटणारं नको. मुळं चिखलात उघडी पडली की कोष कुठे करणार?

पाण्याकडे न बघणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाण्यातलं नत्र (नायट्रोजन) दोन्ही बाजूंनी खेळ करतं, कमी असलं तरी आणि जास्त असलं तरी. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या खोऱ्यात साल्विनिया या तरंगत्या नेच्यावर त्याचा खास भुंगेरा सोडला, तर तो आधी टिकेचना. झाडात नत्र इतकं कमी, की ते खाऊन त्याचं पोट भरत नव्हतं. शेवटी थोड्या भागात युरिया टाकून झाडं कसदार केली, तेव्हा भुंगेऱ्याने बस्तान बसवलं. पुढे त्याने नदी मोकळी केली.

ही गोष्ट ऐकून तळ्यात युरियाची गोणी रिकामी करू नका! आपल्या नाल्यांत सांडपाण्याबरोबर नत्र-स्फुरद आधीच मुबलक येतं. अशा पाण्यात भुंगेरेही चांगले पोसतात, अंडीही जास्त घालतात, पण जलपर्णी त्यांच्या पुढे पळते. एक पान कुरतडून होईतो दोन नवी येतात. हार्टबीसपूर्टला थंडीच्या जोडीला जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडचं सांडपाणीही आहे, म्हणून तिथे कीटक एकदा सोडून भागलं नाही. काठावर पैदास करून ते पुन्हा पुन्हा, मोठ्या संख्येने सोडावे लागले.

तेव्हा नाला जिथे तळ्यात पडतो तिथे पहिली खेप सोडू नका, लांबच्या टोकाला सोडा. आणि सांडपाणी अडवण्याचा पाठपुरावा चालूच ठेवा. नाला तसाच राहिला, तर कितीही भुंगेरे आणा, अपुरेच पडतील.

एकच जात आणणं. निओकेटिनाच्या दोन जाती वापरतात. ब्रुची कसदार झाडांवर जास्त फोफावते, आयकॉर्नी बेताच्या झाडांवरही तग धरते. तळ्याचं पाणी सगळीकडे सारखं नसतं, दोन्ही मागवा.

सगळी जलपर्णी एकदम काढणं. भुंगेरे, अंडी, अळ्या, कोष, सगळं त्या ढिगात जातं. उरलेल्या रोपांतून आणि तळाच्या बियांतून जलपर्णी मात्र परत येते, आता शत्रूशिवाय. यंत्र लावायचंच तर एक पट्टा राखा, आणि त्यावर तणनाशक मारू नका. इंद्रायणीसारख्या वाहत्या नदीत पावसाळा हेच करतो: थर वाहून जातो, भुंगेरेही. नदीसाठी काम करत असाल तर बाजूच्या एखाद्या डबक्यात भुंगेऱ्यांची 'रोपवाटिका' जपा.

हिरवळ बघून निकाल देणं. व्हिक्टोरिया सरोवरात युगांडाने 1995 च्या अखेरीस भुंगेरे सोडले. जलपर्णी ठळकपणे घटली 1998 मध्ये, आणि त्यातही एल निनोच्या हवामानाचा हात किती यावर वाद आहेच. पहिल्या वर्षी हिरवा गालिचा बघू नका, झाड उपटून बघा. पानांवर 2-3 मिमीचे चौकोनी खरवडे आहेत का? देठ चिरल्यावर काळपट बोगदे दिसतात का? नवी पानं आधीपेक्षा बुटकी येताहेत का? खरवडे आहेत पण पानं दणकट, तर नाल्याकडे जा. खरवडेच नाहीत, तर भुंगेरे टिकलेले नाहीत. आधी महिना तपासा, मग पुढची खेप मागवा.