दुर्गम वाड्यांवर लिहायचंय? या चुका टाळा

सकाळी कोल्हापुरातून निघायचं, शाहूवाडीच्या नाहीतर गगनबावड्याच्या डोंगरातला धनगरवाडा, म्हणजे धनगरांची वस्ती, गाठायचा, दोन तास बोलायचं आणि रात्री बातमी पाठवायची. सुरुवातीला मीही हेच केलं. मानववंशशास्त्र वाचायला लागल्यावर त्यात काय काय निसटत होतं ते दिसू लागलं.

माझी मोठी चूक गाडीची होती. पहिल्यांदा सरकारी जीपमधून गेलो. उतरल्या उतरल्या माणसं म्हणाली, "रस्ता न्हाई, लाईट न्हाई, लिवून घ्या सायेब." खोटं नव्हतं, पण ती जीपशी बोलत होती. पुढच्या खेपेला दूध घालून परतणाऱ्या एका मामांबरोबर चालत वर गेलो. म्हशी, लेकीचं सासर, पावसात आजारी माणसाला झोळीतून खाली आणलेली रात्र, सगळं न विचारता निघालं. लोक बोलत नसतील तर आपण कुणाबरोबर आलो ते आधी बघा.

"रस्ता नाही म्हणून त्रास होतो ना?" या प्रश्नाला 'हो'शिवाय उत्तर नाही. "काल उठल्यापासून काय काय केलंत?" असं विचारा. पाणी कुणी आणलं, धार कुणी काढली, उसने पैसे कुणाकडे मागितले, सगळं त्यात येतं. ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहा. तुमचं मत दुसऱ्या वहीत. आणि हे त्याच रात्री करा.

गवळी धनगरांना सर्रास 'आदिवासी' लिहिलं जातं. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) प्रवर्गात आहेत, अनुसूचित जमातीत घ्यावं ही मागणी जुनी आहे. एवढ्या एका शब्दानं तुम्ही नकळत त्या वादात उतरता.

फोटोचंही तसंच. अभयारण्यातून लाकूडफाटा आणणाऱ्या बाईचा चेहरा नावासकट छापला, तर तो तिच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. तिला हे समजावून मगच विचारा.

मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोन खेपांत मिळून जवळपास दोन वर्षं राहिले. तेवढा वेळ आपल्याला कुठलंही दैनिक देणार नाही. पण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तीन फेऱ्या जमतात. ऐन आषाढात वाडा बघितला नसेल तर त्यावर मोठा लेख लिहू नका.

नात्यांसाठी वंशावळ काढाच. मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १९१० च्या लेखात मांडलेली ही पद्धत मी आळसानं टाळली होती. छापलेला लेख वाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवताना एका आज्जींनी थांबवलं, "वाडा माझ्या नवऱ्यानं न्हवं, आजेसासऱ्यानं बसवला." २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मी त्यांच्या दोन पिढ्या गाळल्या होत्या. त्याच आठवड्यात दुरुस्ती छापून आणली आणि तो अंक घेऊन पुन्हा वर गेलो.