कोकमाचं कलम घेताना आधी शेंडा बघा

मिरग आठ-पंधरा दिवसांवर आला की रोपवाटिकांत गर्दी होते आणि घाईत मिळेल ते कोकमाचं रोप घरी येतं. त्यात काही चुकलं असेल तर ते पाच-सात वर्षांनी कळतं. तोवर जागा गेलेली असते, मेहनतही गेलेली असते.

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि पहिला मोहोर येईपर्यंत कोणतं काय हे ओळखता येत नाही. बियांच्या झाडाला सात-आठ वर्षांनी फुलं येतात. म्हणजे शंभर रोपं लावली तर पन्नास झाडं फळाविना पोसायची. म्हणून चांगल्या मादी झाडाची काडी दुसऱ्या कोवळ्या रोपावर जोडून केलेलं मृदकाष्ठ कलमच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जातींपैकी ‘कोकण अमृता’ लवकर तयार होते आणि बहुतेक फळ पावसाआधी हाती लागतं. ‘कोकण हातीस’चं फळ आकाराने बरंच मोठं असतं. पाऊस लवकर गाठतो अशा भागात अमृतालाच पसंती द्यावी. परागीकरणासाठी दर दहा झाडांमागे एक नर ठेवा. बांधावर जुना नर असेल तर तो तोडू नका.

आता शेंड्याची गोष्ट. कोकमाच्या सरळ वर जाणाऱ्या फुटीचा आणि आडव्या फांदीचा स्वभाव वेगळा असतो आणि कलमकाडी तो स्वभाव बरोबर घेऊन येते. आडव्या फांदीची काडी वापरलेलं कलम झाडासारखं उभं राहत नाही, जमिनीलगत झुडपासारखं पसरतं. काठी बांधून ते फारसं सुधारत नाही. रोपवाटिकेत कलम हातात घेऊन बघा: जोडाच्या वरची वाढ सरळ आहे का, शेंडा आभाळाकडे आहे का. जोड एकजीव झालेला हवा आणि जोडाखाली खुंटाची, म्हणजे खालच्या रोपाची, फूट नसावी. पानं कितीही तजेलदार असली तरी शेंडा आडवा असेल तर ते कलम परत ठेवा.

खड्डे मेअखेर तयार हवेत. अंतर ६ × ६ मीटर, म्हणजे हेक्टरी २७७ झाडं. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. चांगली माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून भरा. कच्चं शेण घातलंत तर वाळवी आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण. पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, ओलाव्याची जागा कोकमाला मानवते, नारळ-सुपारीच्या बागेतही ते चांगलं वाढतं, पण मुळाशी पाणी तुंबता कामा नये. पाऊस नीट लागला की पिशवी फाडून, मातीचा गड्डा न फोडता कलम लावा. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. काठीचा आधार द्या आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा, नाहीतर ती खोडात रुतते. पहिली दोन वर्षं जोडाखालची फूट दिसेल तेव्हा काढत राहा. ती राहिली की खुंट जोर धरतो आणि कलम मरतं. पहिल्या उन्हाळ्यांत सावली आणि आठवड्याला पाणी द्यावंच लागतं.

खत ऑगस्टमध्ये, मुसळधार ओसरल्यावर द्या. पहिल्या वर्षी झाडाला २ किलो शेणखत, १०० ग्रॅम युरिया, १५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि ५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दर वर्षी तेवढीच भर घालत दहाव्या वर्षी २० किलो शेणखत, १ किलो युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो पोटॅशपर्यंत जा.

पावसाळ्यात फांदीवर गुलाबीसर बुरशीचा थर दिसला आणि पुढची पानं सुकू लागली तर तो गुलाबी रोग. फांदी रोगट भागाच्या खालून कापून जाळा आणि कापल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

ज्यांची झाडं फळावर आहेत त्यांनी मात्र लागवडीआधी काढणी उरकावी. फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून लाल होतील तशी दर आठवड्याला उतरवा. आमसुलासाठी फोडून साल वेगळी करा, गराच्या रसात लिटरला १०० ग्रॅम मीठ विरघळवा, साली त्यात बुडवून उन्हात घाला. पाच-सहा दिवस रोज रसाचं पुट देऊन वाळवा. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं, कारण कोकमाची आंबटी लोखंड आणि अॅल्युमिनियम खाते. कडक ऊन सलग हवं. वळीव आला तर सालींना बुरशी धरते. आभाळ भरलेलं असेल तर त्या वेळी उतरवलेली फळं सरबताकडे वळवा, १ किलो सालीला २ किलो साखर. बिया फेकू नका. धुऊन वाळवल्या की त्यांचं कोकम तेल निघतं, पावसात भेगाळलेल्या टाचांना तेच लागतं.