श्रवणयंत्र, फोन आणि टीव्ही यांची जुळणी : कोकणातल्या घरासाठी तयारीची यादी

वडीलधाऱ्यांसाठी नवे श्रवणयंत्र घ्यायचे बहुधा मुंबई-पुण्यातली मुले ठरवतात आणि ते वापरले जाते देवगड, राजापूर किंवा गुहागरकडच्या एखाद्या वाडीत, जिथून यंत्र बसवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे जायचे म्हटले तरी एसटीने जाण्यायेण्यात दिवस मोडतो. फोनचा आणि टीव्हीचा आवाज बिनतारी मार्गाने थेट यंत्रात यावा अशी अपेक्षा असेल, तर जुळणीची सगळी तपासणी पैसे देण्याआधीच उरकावी. खोक्यावर ‘ब्लूटूथ’ छापलेले असणे पुरेसे नसते. ठरावीक यंत्र, ठरावीक फोन आणि त्या फोनमधल्या प्रणालीची आवृत्ती या तिन्हींचे एकमेकांशी जमले तरच आवाज येतो, आणि यातले एक जरी बदलले तरी पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागते.

सुरुवात यंत्राच्या माहितीपत्रकापासून नव्हे, तर ते वापरणाऱ्या माणसापासून करावी. त्यांना नेमके काय ऐकू येत नाही आणि त्यातले काय ऐकायचे आहे, हे त्यांनाच विचारावे. बहुतेक घरांत उत्तर दोन गोष्टींपाशी येऊन थांबते : मुलानातवंडांचा फोन आणि संध्याकाळच्या बातम्या-मालिका. विक्रेते गाणी ऐकण्यावर आणि मोबाइल अ‍ॅपमधल्या नाना सोयींवर भर देतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी त्यांवर जादा पैसे घालवण्यापेक्षा टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पाठवणारा जोडडबा घेतलेला बरा, असे माझे मत आहे. श्रवणचाचणीचा ताजा आलेख हाती असल्याशिवाय मात्र यातले काहीच ठरवू नये, कारण समोरासमोरचे बोलणे समजण्याची गरज आधी त्या आलेखाप्रमाणे केलेल्या फिटिंगने, म्हणजे यंत्राच्या आवाजाच्या जुळवणीने, भागते आणि ते चुकले असेल तर फोनचा आवाज थेट कानात आणूनही फारसा उपयोग होत नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या शासनाच्या एडिप योजनेतून यंत्र मिळणार असेल, तर त्यात बिनतारी जोडणी असेलच असे गृहीत धरू नये. तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

मग गावाकडून तीन फोटो मागवावेत. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ या पानावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि अँड्रॉइडची आवृत्ती दिसते, त्या पानाचा एक. टीव्हीच्या पाठीमागच्या सगळ्या खाचांचा दुसरा. आणि सेट-टॉप बॉक्सच्या पाठीचा तिसरा. ‘सॅमसंगचा आहे, दोन वर्षांपूर्वी घेतला’ एवढ्या माहितीवर दुकानात कोणी खात्रीने सांगू लागला, तर त्या खात्रीवर विसंबू नये.

यंत्र फोनशी कोणत्या मार्गाने बोलते, हा पुढचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण आज बाजारात चार मार्ग एकाच वेळी नांदत आहेत. अ‍ॅपलचा ‘मेड फॉर आयफोन’ हा मार्ग असलेली यंत्रे २०१४ पासून मिळू लागली. ती आयफोन-आयपॅडशी उत्तम जमतात, पण केवळ तेवढाच मार्ग असलेले यंत्र अँड्रॉइड फोनचा आवाज थेट घेऊ शकत नाही. गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड फोनचा आवाज थेट श्रवणयंत्रात पाठवणारी ‘आशा’ नावाची पद्धत जाहीर केली आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ती फोनमध्ये येऊ लागली. इथे एक मोठा खड्डा आहे. फोनमध्ये अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती आहे म्हणजे ‘आशा’ चालेल असे नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीने ती त्या मॉडेलमध्ये घातलेली असावी लागते, आणि कमी किमतीच्या पुष्कळ फोनांत ती नसते. असा फोन यंत्राच्या अ‍ॅपशी जोडला जातो, अ‍ॅपमधून आवाज कमी-जास्तही होतो, त्यामुळे सगळे जमले असा समज होतो. फोन वाजला की आवाज मात्र फोनच्याच स्पीकरमधून येतो. अ‍ॅप चालणे आणि आवाज थेट येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी खरेदीतला निम्मा घोटाळा टळतो.

तिसरा मार्ग साध्या हेडफोनांचा, म्हणजे ‘क्लासिक’ ब्लूटूथचा. फोनाक कंपनीने २०१८ मध्ये आणलेली ‘मार्वेल’ मालिका या पद्धतीवर चालते, आणि अशी यंत्रे जवळजवळ कोणत्याही ब्लूटूथ फोनशी जुळतात. कोकणातल्या ज्येष्ठांच्या हातात अजून बटणांचे फोन बरेच दिसतात. तसा फोन सोडायची त्यांची इच्छा नसेल आणि त्यात हेडसेट जोडण्याची सोय असेल, तर याच मार्गाचे यंत्र पाहावे. माणसाच्या हाताला बसलेला फोन यंत्रासाठी बदलायला लावण्यापेक्षा फोनला साजेसे यंत्र शोधणे मला अधिक योग्य वाटते. चौथा मार्ग ‘एलई ऑडिओ’, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा, हा सर्वांत नवा. २०२० च्या जानेवारीत तो जाहीर झाला आणि अँड्रॉइडमध्ये तो १३ व्या आवृत्तीपासून आला. पण इथेही फोनमधले योग्य हार्डवेअर आणि कंपनीची तयारी दोन्ही लागतात. सार्वजनिक जागी एकाच प्रक्षेपकावरून अनेकांच्या यंत्रांत आवाज पोचवणारी ‘ऑराकास्ट’ ही सोय याच मार्गाचा भाग आहे. यंत्र पाच-सहा वर्षे वापरायचे असते हे ध्यानात घेता हा मार्ग असलेले किंवा पुढे त्याचे अद्ययावतीकरण मिळणारे यंत्र घेणे शहाणपणाचे आहे, मात्र ‘पुढे मिळेल’ हे आश्वासन तोंडी असेल तर ते किमतीत धरू नये. यंत्रात यांपैकी कोणते मार्ग आहेत ते कोटेशनवर लिहून घ्यावे आणि यंत्र कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सुसंगत फोनांच्या यादीत आपल्या फोनचे मॉडेल स्वतः शोधावे.

यादीत नाव सापडले तरी प्रत्यक्ष चाचणीला पर्याय नाही. क्लिनिकमध्ये जाताना घरचाच फोन न्यावा, दाखवण्यासाठी ठेवलेल्या फोनवर समाधान मानू नये. यंत्र जोडणीसाठी तयार व्हावे म्हणून ते एकदा बंद करून चालू करावे लागते, म्हणजे सेलचे दार उघडून मिटायचे किंवा चार्जरच्या डबीत ठेवून बाहेर काढायचे. त्यानंतर साधारण तीनच मिनिटे ते फोनला दिसते. ‘मेड फॉर आयफोन’ यंत्राची आयफोनवर जोडणी ब्लूटूथच्या यादीतून नव्हे, तर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधल्या ‘हिअरिंग डिव्हाइसेस’ या पानावरून करायची असते. अँड्रॉइडवरही असे पान असेल तर तिथूनच करावी. जोडणी झाल्यावर साधा कॉल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ कॉल आणि यूट्यूबवरची एखादी चित्रफीत अशा तिन्ही गोष्टी दोन्ही कानांत येतात का ते तिथेच पाहावे, कारण यातली एक चालून दुसरी न चालणे अगदी शक्य असते.

कॉलच्या चाचणीत आपले ऐकू येते का यासोबत आपले बोलणे पलीकडे कसे जाते, हेही पाहावे. ‘आशा’ पद्धतीत आवाज एकाच दिशेने, फोनकडून यंत्राकडे, जातो. बोलणे मात्र फोनच्याच माइकमधून टिपले जाते. आयफोनच्या जुन्या जोडणीतही तसेच आहे. त्यामुळे फोन ओटीवर चार्जिंगला लावून माजघरातून बोलणारी आजी पलीकडच्याला ऐकू येत नाही आणि दोष नेटवर्कला दिला जातो. अशा यंत्रासाठी फोन हातात किंवा छातीशी धरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. क्लासिक पद्धतीची यंत्रे स्वतःच्या माइकमधून बोलणे टिपतात, त्यामुळे हात मोकळे राहतात. परंतु किनाऱ्यालगतच्या घराच्या पडवीत वारा सुटला की तोच माइक वाराही टिपतो. खरेदी परत करण्याची मुदत असेल तर त्या मुदतीत घरून निदान एक कॉल तशा वाऱ्यात करून पाहावा.

टीव्हीच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. टीव्हीत ब्लूटूथ असले तरी तो आवाज बहुधा हेडफोनांसाठीच्या क्लासिक मार्गाने सोडतो, जो सगळ्या यंत्रांना घेता येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांनाही ओठ आणि शब्द यांत अंतर जाणवू शकते. यंत्राच्याच कंपनीचा टीव्ही जोडडबा घ्यावा. तो टीव्हीला ऑप्टिकल केबलने, लाल-पांढऱ्या पिनांनी किंवा हेडफोनच्या खाचेतून जोडता येतो, आणि मोबाइलची त्यात मुळीच गरज पडत नाही. मागवलेला फोटो इथे कामी येतो : टीव्हीला ऑप्टिकल खाच आहे की नाही ते पाहून केबल मुंबईतूनच न्यावी, कारण तालुक्याच्या बाजारात ती मिळेलच असे नाही. ऑप्टिकल लावूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ या साध्या ध्वनिस्वरूपावर ठेवावे, काही जोडडब्यांना डॉल्बी हे संकुचित स्वरूप उलगडत नाही. हेडफोनच्या खाचेत पिन घातल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद पडू शकतो, आणि मग घरातली बाकीची माणसे मुक्या टीव्हीसमोर बसतात. ही अडचण आधीच तपासली नाही तर जोडडबा लवकरच कपाटात जातो.

या सगळ्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. मोकळ्या जागी दहा मीटर म्हटलेला पल्ला जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे तेवढा राहत नाही, म्हणून टीव्हीची खोली आणि बसण्याची नेहमीची जागा ठरवून तिथेच बसून पाहावे. घरात मोबाइलची रेंज मुळातच तुटक असेल तर श्रवणयंत्र ती सुधारू शकत नाही. ब्रॉडबँड असलेल्या घरात फोनवरचे वाय-फाय कॉलिंग, म्हणजे मोबाइलच्या रेंजऐवजी घरच्या इंटरनेटवरून साधा कॉल करण्याची सोय, सुरू करून द्यावे आणि तोही कॉल यंत्रात येतो का ते पाहावे.

पावसाळ्याची तयारी वेगळी करावी लागते. यंत्र धूळ-पाण्याला किती टिकते ते सांगणारे आयपी६८ हे मानांकन गोड्या पाण्याच्या चाचणीवर दिलेले असते. घाम, खारी हवा आणि चार महिन्यांची दमट हवा यांचा त्रास त्यानंतरही होतो. वाळवणाची डबी आणि सिलिका जेल यंत्रासोबतच घ्यावे, आणि चार्जिंगचे यंत्र नसेल तर रात्री ते त्यातच ठेवावे. चार्जिंगचे यंत्र असेल तर चार्जरची डबी पॉवर बँकेवर चालते का ते पाहावे, कारण वादळात दोन-दोन दिवस वीज जाणे किनारपट्टीला नवे नाही. सेलचे यंत्र असेल तर झिंक-एअर सेलचा क्रमांक आणि रंग लिहून ठेवावा, जसे की ३१२ तपकिरी आणि १३ नारिंगी, आणि आवाज थेट घेतल्याने सेल लवकर संपतात हे धरून साठा करावा. हे सेल हवा लागली की चालू होतात, म्हणून त्यांवरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल बसवावा. एकदा काढलेली पट्टी पुन्हा लावून सेल टिकत नाही.

यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे फोनमधला चुंबकीय संकेत पकडून ऐकवणारी तारेची छोटी गुंडाळी, आहे का, हेही विचारावे. जागा वाचवण्यासाठी पुष्कळ लहान यंत्रांतून ती काढून टाकलेली असते. बिनतारी जोडणी बंद पडली तरी टेलिकॉइलला अनुरूप असलेला फोन तिच्या साहाय्याने ऐकता येतो, मात्र इन्व्हर्टरजवळ बसले तर त्यात घरघर येते. भजन किंवा आरती म्हणणाऱ्याच्या सदऱ्याला लावायचा छोटा माइक हवा असल्यास तोही यंत्राच्याच कंपनीचा घ्यावा. काही कंपन्यांचा असा क्लिप-माइक क्लासिक ब्लूटूथच्या जुन्या फोनचा आवाज यंत्रापर्यंत पोचवण्याचे कामही करतो, त्यामुळे फोन न बदलता मार्ग निघू शकतो.

सुट्टी संपवून निघण्यापूर्वीचे काम बरेचजण विसरतात. जोडणी करून देताना यंत्र मुलाच्या किंवा सुनेच्या फोनशीही जोडलेले असते. पुढच्या खेपेला ती मंडळी अंगणात आली की यंत्र त्यांचा फोन धरते आणि आजोबांच्या कानात नातवाचा रील वाजू लागतो. अशा प्रत्येक फोनमधून यंत्राचे नाव ‘फर्गेट’ करून टाकावे. फोनची प्रणाली निघण्याच्या आदल्या रात्री अद्ययावत करू नये. करायचीच तर आल्याआल्या करावी, म्हणजे जोडणी बिघडली तर ती पुन्हा लावायला दिवस हाताशी राहतात. बिनतारी जोडणी बंद करणारा यंत्राचा विमानप्रवासाचा मोड चुकून कसा लागतो आणि तो कसा काढायचा, फोनचे ब्लूटूथ कुठे चालू होते आणि यंत्र बंद-चालू कसे करायचे, एवढे शेजारच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष करायला लावून दाखवावे. हीच कृती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, खाली ऑडिओलॉजिस्टचा नंबर घालून, तो कागद चार्जरच्या डबीखाली ठेवावा, आणि जुने यंत्र चालू स्थितीत असेल तर ते कोणाला देऊन न टाकता सेलसह त्याच कपाटात राहू द्यावे.