सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची साफसफाई: या चुका टाळा

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे दर बाराआधी घोडा हाताने मागे ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरचा, सिलिंडर जड फिरायला लागला की बहुतेक जण थेट तेलाची बाटली उचलतात. बाहेरून चार थेंब सोडायचे, घोडा दोनदा मागे-पुढे करायचा, की झालं काम. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. खरा मळ असतो बेस पिनवर, म्हणजे सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्यावर. प्रत्येक बाराला नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून काजळी उडते आणि पिनच्या पुढच्या टोकाला बसते. वरून तेल घातलं की तिचा चिकट लगदा होतो. पिन बाहेर काढा, सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) लावलेल्या फडक्याने पुसा, सिलिंडरच्या मधल्या भोकातूनही फडका फिरवा, दोन्ही कोरडं करा आणि मग पिनला नुसतं तेलबोट लावा. पिनवरचं तेल बोटाला ओघळ सोडत असेल तर ते जास्त झालं.

हे सगळं रिव्हॉल्व्हर रिकामं करून. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या घडणीत घोडा अर्ध्यावर आणून लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं घालायची बाजूची झडप, उघडावं लागतं. रुगर कंपनीच्या १९७३ नंतरच्या ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्यावरच घोड्याचा घाव पुढे पोचवणारी पट्टी) असलेल्या घडणीत घोडा खालीच राहतो आणि गेट उघडलं की सिलिंडर मोकळा होतो. काहीही असो, सिलिंडर एक पूर्ण फेरी फिरवून प्रत्येक घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

कोल्ट घडणीत आणखी एक खोड लागते: अर्ध्यावरचा घोडा तसाच खाली सोडणं. मग बोल्ट, म्हणजे सिलिंडर जागेवर अडवणारा खटका, खाचेत न पडता सिलिंडरच्या अंगावर घासत राहतो आणि भोवती चरा उमटतो. घोडा आधी पूर्ण मागे ओढा, मग अंगठ्याने धरून हळूच उतरवा.

नळी आणि घरं

फ्रेम मागून बंद असल्यामुळे साफसफाईची काठी तोंडाकडूनच घालावी लागते. ती तोंडाच्या कडेला घासत राहिली की नेम बिघडतो, आणि ती झीज पुसून जात नाही. सिलिंडर काढलेल्या खिडकीतून दोरीचा ब्रश घालून तोंडाकडे ओढून घेणं केव्हाही बरं. शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर नळीच्या मागच्या रुंद तोंडाशी शिशाचा थर शोधा.

.३५७ मॅग्नम काडतुसाच्या घरांतून त्याहून आखूड .३८ स्पेशल काडतुसं झाडली की आत काजळीचं कडं तयार होतं. नंतर लांब काडतूस पूर्ण बसत नाही आणि दोष मात्र काडतुसावर जातो. ब्राँझचा ब्रश फिरवला की कडं निघतं. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळं मात्र राहू द्या. ती चकाकवण्यासाठी पॉलिश पेपर घासणारे भेटतात. त्यात धातू जातो, फायदा काहीच नाही. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं सॉल्व्हंटही नको.

ब्लॅक पावडर वापरली असेल तर क्रम बदलतो: आधी गरम साबणपाणी, मग खडखडीत कोरडं, शेवटी तेल. तिची राख ओल शोषून घेते, त्यामुळे 'उद्या करू' म्हटलं की गंज चढलाच.

तेल कुठे

घोड्याच्या बिजागरीला एक थेंब, सिलिंडर फिरवणाऱ्या पंज्याच्या खाचेत एक थेंब, बस्स. घरं आणि नळी बार काढण्याआधी कोरडी हवीत. काडतुसाच्या प्रायमरपर्यंत तेल झिरपलं तर बार फुसका जातो. लाकडी मुठीत झिरपलं तर लाकूड काळं पडतं.

जोडल्यावर बेस पिन पूर्ण आत जाऊन खिटी अडकली का ते ओढून पाहा. एजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) नळीचा स्क्रू धक्क्यांनी सैल होतो, तोही बघा. मापात बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर खाच चिरडते. शेवटी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे आला तरी सिलिंडर खाचेत अडकत नसेल, तर कानस हातात न घेता गनस्मिथकडे न्या. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये साठवून ठेवू नका. चामडं ओल धरतं.