बडोद्यात बसून प्रवाळांचा ताप मोजा

दांडिया बाजारातून समुद्र दिसत नाही, पण कच्छच्या आखातातल्या पिरोटन, नराराच्या प्रवाळांना किती ताप चढलाय ते घरबसल्या मोजता येते. अमेरिकेची 'नोआ' ही समुद्र-हवामान संस्था 'कोरल रीफ वॉच' या संकेतस्थळावर समुद्राच्या पृष्ठभागाचे रोजचे तापमान ५ किमीच्या चौकटींत मोफत देते.

त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची दीर्घकालीन सरासरी घ्या. आठवड्याचे तापमान तिच्याहून किमान १ अंश वर गेले तरच तो आठवडा धरा आणि शेवटच्या १२ आठवड्यांतले असे फरक मिळवा. समजा सरासरी ३० अंश आणि चार आठवड्यांची तापमाने ३१, ३१.५, ३२, ३०.६ आहेत. बेरीज १ + १.५ + २ = ४.५. शेवटचा ०.६ सोडायचा, चूक बहुधा इथेच होते. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक फरकातून १ वजा करणे. फरक पूर्ण धरायचा.

बेरीज ४ झाली की विरंजनाची शक्यता वाढते: प्रवाळ पेशींतले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पांढरे म्हणजे मेलेले नव्हे! पाणी वेळीच निवले तर शैवाल परततात. ८ च्या पुढे मात्र प्रवाळ मरण्याचा धोका वाढतो.

दर वर्षाची सर्वाधिक बेरीज वहीत टिपा. दोन तापांमध्ये किती वर्षे गेली हाच भविष्याचा खरा अंदाज, कारण खडक प्रवाळांनी पुन्हा भरायला अनेक वर्षे लागतात.

ओहोटीत उघडे पडून उन्हात भाजलेले प्रवाळ या आकड्यांत येत नाहीत. त्यासाठी वनविभागाच्या परवानगीने नराराला जा, वाळूवरूनच चाला. तुकडाही उचलू नका, कायद्याने तो गुन्हा आहे.